चार ओळींचा अर्ज

ताई,

मंडळाने माझ्याकडे तुमच्यावर लेख मागितला होता. तो मी गेल्या आठवड्यात लिहून दिला. त्यात तुमचे जन्मगाव, शिक्षण, ऑकलंडमधील नोकरी, गणेशोत्सवातील प्रसादाची व्यवस्था, सर्व काही क्रमवार आले आहे. अध्यक्षांनी फोन करून ‘दत्ताभाऊ, उत्तम झालंय, फक्त जरा लांबलंय’ असा अभिप्रायही दिला. हा मजकूर त्यातला नाही. हा केवळ तुमच्याशी बोलण्यासाठी आहे. इतर कोणी तो वाचावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार एका मुलीचा आहे आणि लिहून झाल्यावर मी तो तिच्याच स्वाधीन करणार आहे. त्या मुलीचे नाव, तिच्या नवऱ्याचे नाव, ती औषधे देते त्या क्लिनिकचे नाव, यांपैकी काहीही येथे येणार नाही. ज्या माणसाने पंचवीस वर्षांत एकही अर्ज पूर्ण नाव, वय व धंदा यांवाचून सुरू केला नाही, त्याच्या हातून हे लिहिले जात आहे. तुम्हांला हसू येत असेल तर हसावे. तुमचा तो हक्क आहे.

तुम्हांला जाऊन आज तेरा दिवस झाले. सुपरमार्केटसमोर गाडी दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये लावून, हँडब्रेक ओढून, पट्टा सोडून तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबले, फार कळले नसेल. सगळे म्हणतात, भाग्याचे मरण. मी मान डोलावतो, आणि मनात एकच प्रश्न फिरतो : ताई, त्या मुलीचे आता काय?

ती तुमच्या मागच्या अंगणातील सुट्या खोलीत राहते, हे मंडळात आपल्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. तुमच्या अमेयलाही ‘आईने स्लीपआउट कोणा बाईला भाड्याने दिलाय’ एवढेच माहीत. तुम्ही असेपर्यंत ते गुपित दोन खांबांवर उभे होते. आता एकच खांब उरला, आणि तो खांब कसा आहे हे तुमच्याइतके कोणी ओळखत नव्हते.

ती तुमच्याकडे राहायला आल्यावर पहिल्यांदा तुम्ही तिला घेऊन दुकानात आलात तो दिवस आठवतो. आमच्या डेअरीत, त्या कोपऱ्यावरच्या छोट्या किराणा दुकानात, दुपारी तीननंतर शाळेतील मुलांची गर्दी ओसरली की गल्ल्याच्या डाव्या बाजूला माझे लेखनाचे काम चालते. कौन्सिलकडे तक्रार, घरमालकाला नोटीस, पार्किंगच्या दंडावर हरकत, हे माझे विषय. व्हिसाच्या अर्जांना मी हात लावत नाही, त्याला परवाना लागतो. शिक्षण माझे नववीपर्यंत. परंतु मामांच्या हाताखाली तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या छपरात आठ वर्षे बसलो आहे, आणि अर्ज म्हणजे काय हे मला विद्यापीठाने शिकवायचे राहिलेले नाही. हे मी त्या मुलीलाही पहिल्या पाच मिनिटांत सांगितले. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘भाऊ, ओळख झाली. आता तिचं ऐका.’

तिचे ऐकले. तिचा नवरा तिच्या गाडीची किल्ली लपवत असे. रुसवा झाला की किल्ली नाहीशी. कधी पिठाच्या डब्यात, कधी त्याच्या खिशात, कधी तो ती घेऊनच कामावर. फ्लॅट बुशच्या त्या नव्या वसाहतीतून बस धरून वेळेवर पोचणे कठीण. तीनदा उशीर झाल्यावर क्लिनिकने तिला समज दिली. मग ती ‘ताप आहे’ असे कळवून घरी बसू लागली. किल्लीच्या पुढचेही तिने सांगितले; ते मी येथे लिहीत नाही. सांगताना ती माझ्याकडे नव्हे, चिप्सच्या पाकिटांकडे पाहत होती.

‘आजारी ती नाहीये,’ तुम्ही म्हणालात. ‘मग आजारपणाची रजा तिनं का संपवायची? तिची वेगळी रजा आहे. वर्षाला दहा दिवस, भरपगारी. घरात मार खाणाऱ्या, धाकात राहणाऱ्या माणसाला या देशात कायद्यानं मिळते.’

तुमची बावीस वर्षे एका पॅकिंग कंपनीच्या पगार विभागात लोकांच्या रजा लावण्यात गेली होती, तेव्हा तुमचे म्हणणे मी मान्य केले. तरी एक शंका काढलीच. ‘मुदत काय? घटनेपासून किती दिवसांत अर्ज?’

‘मुदत नाही.’

‘मुदत नाही म्हणजे?’

‘म्हणजे नाही. गेल्या वर्षी घडलेलं असो, नोकरीला लागायच्या आधी घडलेलं असो. नोकरीत सहा महिने झाले की झालं.’

ताई, मामांनी मला पहिला धडा दिला होता तो मुदतीचा. मुदत टळली की सत्यही बाद. मुदत नसलेला हक्क मी त्या दिवशी प्रथम पाहिला आणि खरे सांगतो, मला थोडी भीतीच वाटली. इतका मोकळा दरवाजा मी कोठे पाहिलेला नव्हता.

मी तीन पानी अर्ज तयार केला. अकरा मुद्दे, प्रत्येक घटनेचा दिनांक, शेवटी प्रार्थना. तुम्ही चष्मा लावून दुकानातच वाचलात आणि कागद उलटा ठेवलात.

‘भाऊ, आपण राजेसाहेबांना अर्ज करत नाही आहोत.’

‘कैफियत नसलेला अर्ज म्हणजे मीठ नसलेली आमटी, ताई.’

‘ही आमटी वाढायची कोणाला, ते कळतंय का? हा कागद ज्या बाईच्या टेबलावर जाणार ना, ती माझ्यासारखीच. तिच्या मागून दिवसभर माणसं चहाचे कप घेऊन जातात. मी बावीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज पालथे घालून ठेवलेत. सगळेच ठेवत नाहीत.’

‘मग पुरावा?’

‘मागितला तर देऊ. समुपदेशक बाईंचं पत्र आहे. न मागता पोरीनं आपली अब्रू टेबलावर का मांडायची?’

मुलगी पहिल्यांदा हसली. म्हणाली, ‘काका, मला फक्त वकिलाकडे जायला दोन दिवस हवेत.’

तेव्हा तुम्ही सांगत गेलात आणि मी लिहीत गेलो. अमुक कायद्याखाली मिळणारी रजा, अमुक दोन दिवस, मजकूर गोपनीय ठेवावा, आभारी आहे. चार ओळी. माझ्या हयातीतील सर्वांत आखूड अर्ज. मला तो उघडा वाटला. आणि येथेच, ताई, मी ते केले ज्याबद्दल आपले भांडण मिटले नाही.

तुम्ही दूध घेऊन पुढे निघालात. मी अर्ज टंकलिखित करताना, हाताला वळण आहे म्हणून, वर उजव्या कोपऱ्यात अर्जदाराचे संपूर्ण नाव, पतीच्या नावासह, आणि हल्लीचा पत्ता घातला. हल्लीचा पत्ता म्हणजे तुमचा. घर क्रमांक, रस्ता, ‘मागील खोली’ हेसुद्धा. पत्त्यावाचून अर्ज म्हणजे निनावी पत्र, असे मामा म्हणत. मुलीने घाईत न वाचता तो फोनवरून पाठवला.

संध्याकाळी तिने तुम्हांला प्रत दाखवली. तुम्ही मला फोन केलात तेव्हा तुमचा आवाज मी ओळखला नाही. ‘भाऊ, त्या क्लिनिकच्या स्वागताच्या टेबलावर कोण बसतं, माहितेय? पोरीच्या नवऱ्याच्या मित्राची बायको. भाऊ, तुम्हांला वळण मोठं की पोरगी?’

मी काय उत्तर दिले? मी म्हणालो, ‘पत्ता हा अर्जाचा अविभाज्य भाग आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तुम्ही तिच्या व्यवस्थापिकेशी बोललात. त्या बाई भल्या. तो कागद फक्त त्यांनीच उघडला होता. पत्ता त्यांनी काढून टाकला आणि रजा मंजूर केली. तुम्ही मला तसे कळवलेत, दोन वाक्यांत, आणि नंतर सहा आठवडे दुकानात आला नाहीत. दूध दुसरीकडून घेत होतात. त्या सहा आठवड्यांत मी तुमच्या रस्त्यावरून गाडी नेत असे. कधी कामावर जाताना, कधी विनाकारण. एखादी गाडी तुमच्या घरासमोर हळू झाली की मीही थांबून ती निघून जाईपर्यंत पाहत असे. हे मी तुम्हांला सांगितले नाही. उलट सातव्या आठवड्यात तुम्ही आलात तेव्हा पत्त्याचे महत्त्व या विषयावर माझा मुद्दा पुन्हा मांडू लागलो, आणि तुम्ही हात वर करून म्हणालात, ‘राहू द्या. आलं ताजं आहे का?’

तेथून सर्व पूर्ववत झाले असे मी धरून चाललो. तिच्या पुढच्या रजा तुम्ही स्वतः लिहिल्यात. माझ्याकडे आणल्या नाहीत. दहापैकी सात दिवस तिने वापरले : वकील, समुपदेशन, बँक, पासपोर्ट परत मिळवणे. पोलिसांकडे जावे असे माझे मत मी वारंवार दिले. तुम्ही म्हणायचात, ‘ते तिचं ती ठरवेल. आपण दार उघडं ठेवायचं.’

आता गेल्या आठवड्याचे सांगतो. सोमवारी अमेयने हॅमिल्टनहून मंडळाच्या ग्रुपवर संदेश टाकला : रविवारी दुपारी दोन वाजता आईच्या घरी शोकसभा, सर्वांनी यावे. खाली तुमचा पूर्ण पत्ता आणि नकाशा. ताई, मी तो वाचला आणि गल्ल्यावर बसून राहिलो. तो नवरा मंडळाचा सदस्य आहे. गणपतीत खुर्च्या मांडतो, ज्येष्ठांच्या पाया पडतो, सर्वांना आवडतो. तो येणार. साठ माणसे तुमच्या घरात आणि अंगणात फिरणार, आणि मागे ती खोली.

मंगळवारी सकाळी मुलीचा फोन आला. ‘काका, मेसेज बघितलात? मला इथून निघायला पाहिजे. समुपदेशकबाईंनी जागा बघितलीय. पण ताईच नाहीत. रजेचं कोण लिहिणार?’

तिने माझ्याकडे अर्ज मागितला, ताई. माझ्याकडे. मी म्हणालो, ‘किती दिवस?’

‘तीन उरलेत. दोन पुरे, गुरुवार-शुक्रवार. तिसरा हातचा राखते.’

मी चार ओळी लिहिल्या. कोपरा कोरा ठेवला. कागद अर्धवट राहिल्यासारखा दिसत होता. तासाभरात व्यवस्थापिकेचे उत्तर आले : मंजूर, काळजी घे.

मग मी अमेयला फोन केला. तो मराठीत ऐकतो आणि इंग्रजीत उत्तर देतो. मी म्हणालो, घर नको, हॉल घेऊ. त्याने कारण विचारले. मला कारण सांगता येत नव्हते. तो म्हणाला, ‘काका, इट्स मम्स प्लेस. एव्हरीवन वॉन्ट्स टू कम टू मम्स प्लेस.’ त्या मुलाच्या आवाजात रडू होते आणि मी त्याच्या आईच्या घराला हरकत घेत होतो.

तेव्हा मी माझ्या विषयाकडे वळलो. मी ग्रुपवर पार्किंगसंबंधी हरकत नोंदवली. अकरा मुद्दे. रस्ता पुढे बंद आहे. गाड्या चाळीस येतील. शेजाऱ्यांचे ड्राइव्हवे अडतील. पावसाने गवताची पट्टी मऊ झाली आहे. तेथे गाडी लावल्यास कौन्सिलचा दंड. अग्निशमनाचा बंब वळू शकणार नाही. मी काय काय ऐकले ते तुम्हांला सांगतो, कारण तुम्ही असतात तर सर्वांत मोठ्याने तुम्हीच हसला असतात. ‘दत्ताभाऊ, मयताच्या घरी जायलासुद्धा परमिट काढायचं का?’ ‘बंब कशाला, ताईंच्या घरी शिरा करायचाय, होम नाही!’ अध्यक्षांनी खासगीत लिहिले : ‘भाऊ, वेळ कोणती, विषय कोणता.’ माझी पत्नीही म्हणाली, ‘अहो, लोक काय म्हणतील?’ तिलाही सांगता येत नव्हते.

आणि त्या थट्टेच्या मध्ये त्या नवऱ्याचा संदेश आला. ‘काका, हीप्स ऑफ पार्किंग आहे त्या रस्त्यावर, कितीही गाड्या लागतील. मी बघितलंय.’

मी बघितलंय. कधी? कशासाठी? तुमचे घर हेन्डरसनमध्ये, त्याचे शहराच्या दुसऱ्या टोकाला. मंडळाचा कार्यक्रम तुमच्या घरी कधी झाला नाही. मी ते वाक्य इतक्या वेळा वाचले की फोनचा पडदा विझायचा आणि मी तो पुन्हा पेटवायचो.

मी बारावा मुद्दा घातला, तेरावा घातला, हॉलचे भाडे स्वतः भरतो असे जाहीर केले. बुधवारी दुपारी अमेय थकून म्हणाला, ‘ओके काका, स्वीट ॲज, लेट्स डू द हॉल,’ म्हणजे ठीक आहे, हॉल घेऊ. माणसे मला कंटाळून शरण आली. आयुष्यात इतका लांब आणि इतका खोटा अर्ज मी लिहिला नव्हता, आणि इतका यशस्वीही नाही.

गुरुवारी आणि शुक्रवारी ती हलली. मी मदतीला गेलो नाही. माझी गाडी सगळे ओळखतात. ती कुठे गेली हे मला ठाऊक नाही. तिने सांगितले नाही, मी विचारले नाही.

काल हॉलमध्ये तुमच्या फोटोला हार त्या नवऱ्यानेच घातला. छान सरळ घातला. खुर्च्याही त्यानेच मांडल्या. चहाच्या वेळी चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘काय काका, इथलं पार्किंग पसंत पडलं ना?’ सगळे हसले, मीही. मग माणसे पांगली आणि तो तेथेच थांबला. कपात पाहत, हळू आवाजात त्याने विचारले :

‘ताईंच्या मागच्या खोलीत कोण राहतं हो?’

‘मला माहीत नाही.’

तो माझ्याकडे पाहत राहिला. ‘काका, तुम्हांला माहीत नाही असं काही असतं?’

पुन्हा हसला, माझ्या पाया पडला आणि खुर्च्या रचायला गेला. ताई, पायांवर त्याचे हात टेकले तेव्हा मी मागे सरलो नाही. सरलो असतो तर त्याला उत्तर मिळाले असते.

त्याची गाडी निघाली तशी मी माझी काढली. तो मोटरवेकडे वळला नाही. तुमच्या रस्त्याला वळला. मी कोपऱ्यावर थांबलो. त्याने तुमच्या पत्रपेटीशी गाडी लावली, घराला वळसा घालून मागे गेला. मी आत बसून होतो, दाराच्या कडीवर हात ठेवून. उतरून काय करणार होतो, कोणती हरकत नोंदवणार होतो, मला सांगता येत नाही. खोली रिकामी आहे हे ठाऊक असूनही मला वाटत राहिले की ती काहीतरी विसरली असेल, घ्यायला परत आली असेल, नेमकी आत्ताच. पाच मिनिटांनी तो बाहेर आला. माझी गाडी पाहिली. हात वर करून, नमस्कार केल्यासारखे करून, निघून गेला.

मग मी मागे जाऊन पाहिले. खिडकीला पडदा नव्हता. पलंगावर गादी उभी करून ठेवलेली, केर काढलेला, बाहेरच्या दोरीवर एक चिमटासुद्धा नाही. तिने खोली अशी सोडली होती की तेथे कोणी राहिले होते याची खूण उरू नये. ती तुमची शिकवण. माझी शिकवण दारावर नावाची पाटी लावून गेली असती.

म्हणून ताई, जे त्या सहा आठवड्यांत सांगायला हवे होते ते आता सांगतो. तो पत्ता घालणे ही चूक होती. वळण नव्हे, नियम नव्हे, मामांचा धडा नव्हे. माझी चूक. त्या चुकीमुळे त्या मुलीचा जीव जाऊ शकला असता. फोनवर तुमचा आवाज कापत होता आणि मी तुम्हांला अर्जाचे नियम समजावत होतो. तुमच्या हृदयावर त्या सहा आठवड्यांचे किती ओझे पडले, हे डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. दुसऱ्यांसाठी मी शेकडो वेळा ‘क्षमा असावी’ लिहिले आहे. स्वतःसाठी ते कसे लिहितात हे मला येत नाही, एवढेच तुम्हांला कळवतो. आणि आल्याचा विषय काढून तुम्ही मला परत दुकानात उभे राहू दिलेत, त्याबद्दल आभार कसे मानतात हेही येत नाही.

आज सकाळी, काल जे पाहिले ते मी वेळेसह समुपदेशक बाईंना कळवले. त्यांनी मुलीला सांगितले. दुपारी मुलीचा फोन आला, बाईंच्या नंबरवरून. ती म्हणाली, ‘काका, तो मागेपर्यंत आला होता?’

‘आला होता. दोन दिवस उशिरा.’

‘मी आता पोलिसांकडे जाते.’

‘कधी?’

‘बुधवारी. त्यांच्याकडे सगळं सांगायला अख्खा दिवस लागेल म्हणतात. तुम्ही लिहून द्याल?’

ताई, मी कागद पुढे घेऊन बसलो आहे. दुकानात कोणी नाही. चार ओळी झाल्या आहेत आणि मी त्या पुन्हा पुन्हा तपासतो आहे, एखादा शब्द जास्त तर नाही ना. हा तिच्या रजेचा शेवटचा दिवस. नवे दहा मिळायला अजून चार महिने आहेत.